पंख्याचे तोंड कोणीकडे?



खळ्यावरची उफणणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सुपातून धान्य सोडणारा माणूस आधी वारा कोणीकडून येतो ते बघतो आणि मग कोठे उभे राहायचे ते ठरवतो. वारा मध्येच फिरला तर भुसा पुन्हा धान्याच्या राशीवर येऊन पडतो. अशा वेळी तो माणूस काय करतो? वाऱ्याला तर काही सांगता येत नाही. म्हणून तो स्वतः जागा बदलतो. आज मी जे सांगणार आहे, त्याचे सार एवढ्यात आले आहे. पण ते माझ्या ध्यानात यायला एक पंखा जळावा लागला.

पंखा म्हणजे छताचा नव्हे. कॉम्प्युटरच्या पेटीत, मागल्या बाजूला, तळहाताएवढा चौकोनी पंखा असतो ना, तो. आता कोणी म्हणेल, हे भूगोलाचे प्राध्यापक कॉम्प्युटरच्या पंख्यावर कशाला बोलायला आले? सांगतो.

2024 च्या एप्रिलातली गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत मी नकाशावाचनावर बोलायला गेलो होतो. व्याख्यान झाले, चहा आला, आणि मुख्याध्यापक म्हणाले, "सर, आमचा कॉम्प्युटर एकदा बघता का? अर्ध्या तासाच्या वर चालतच नाही. आपोआप बंद पडतो." शाळेत चालू स्थितीतला तो एकच कॉम्प्युटर. मुलांचे अर्ज त्याच्यावरच भरायचे, शाळेची माहिती त्याच्यावरच पाठवायची, आणि मुलांना शिकवायचे तेही त्याच्यावरच. दिवाळीच्या सुटीत तिथल्या एका बाईंनी पेटी उघडून धूळ साफ केली होती. पंखा काढून पुसला होता आणि परत बसवला होता. थंडीचे दिवस निभावले. उन्हाळा लागला आणि कॉम्प्युटर बंद पडू लागला. झाले! "बाईंनी बिघडवला, दुरुस्तीचा खर्च बाईंनीच द्यावा," असे बोलणे सुरू झाले होते. बाई कोपऱ्यात गप्प उभ्या होत्या. त्यांनी मला एवढेच विचारले, "सर, मी एकही सुटा भाग हरवलेला नाही. सगळे स्क्रू मोजून लावलेत. मग चुकलं काय?"

मी वहीच्या कागदाची एक बारीक पट्टी फाडली आणि पेटीच्या मागच्या जाळीपाशी धरली. पंखा बरोबर असता तर पट्टी बाहेर फडफडली असती. ती जाळीला जाऊन चिकटली. म्हणजे पंखा गरम हवा बाहेर टाकण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढत होता. बाईंनी तो उलटा बसवला होता. चूक एवढीच होती.

आता ती दुरुस्त करायची. मला आठवली मुलांच्या खेळण्यातली सेलवरची मोटार. तिच्या दोन तारा अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते. शिवाय आपल्या विहिरीवरची थ्री फेज मोटार. ती उलटी फिरू लागली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारा बदलल्या की सरळ होते, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. मी म्हटले, चार स्क्रू कशाला काढायचे? तांबडी तार काळीच्या जागी, काळी तांबडीच्या जागी, की काम झाले! सगळे कौतुकाने बघत होते. मी तारा बदलल्या, बटण दाबले. पंखा उलटा फिरला नाही. सुलटाही फिरला नाही. तारा पुन्हा पहिल्यासारख्या जोडल्या, तरीही नाही. करपल्याचा बारीकसा वास आला आणि मी काय ते समजलो.

बाईंच्या हातून पंखा नुसता उलटा लागला होता. माझ्या हातून तो मेला. हे मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितले. सांगायला जड गेले, खोटे कशाला बोलू?

संध्याकाळी तालुक्याच्या गावी मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे तो पंखा घेऊन गेलो. त्यांनी तो हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "सर, ह्याच्या तारा नाही फिरवायच्या. हा अख्खाच फिरवायचा." मग त्यांनी पंखा उघडून दाखवला. त्यांनी दाखवलेले आणि पुढे मी वाचून समजून घेतलेले, दोन्ही आता आपल्याला सांगतो.

खेळण्यातल्या मोटारीत लोहचुंबक बाहेर पक्का बसवलेला असतो आणि तारेची वेटोळी आत फिरतात. वीज ब्रशांमधून थेट वेटोळ्यांत जाते. विजेची दिशा उलटली की वेटोळ्यांवरचे बल उलटते, आणि मोटार उलटी फिरते. थ्री फेज मोटारीत तीन फेज एकामागून एक ठरावीक क्रमाने येतात. दोन तारा बदलल्या की तो क्रम उलटतो आणि मोटारही उलटते. घरातल्या छताच्या पंख्याचे आणखी निराळे. त्याला मिळणारी वीज दर सेकंदाला पुष्कळदा दिशा बदलणारी असते. त्याच्या येणाऱ्या दोन तारा तुम्ही कशाही जोडा, तो आपल्या दिशेनेच फिरतो. म्हणजे मोटार तितक्या परी. एकीचा नियम दुसरीला लावला की माझ्यासारखी फजिती होते.

कॉम्प्युटरच्या पंख्यात ब्रश नसतात. त्याच्यात वेटोळी मध्यभागी पक्की बसवलेली असतात, आणि चुंबकाचे कडे पात्यांच्या बुंध्यात, पात्यांबरोबर फिरत असते. आता वेटोळ्यात वीज केव्हा सोडायची आणि केव्हा थांबवायची हे कोणी ठरवायचे? त्यासाठी आत बोटाच्या नखाहून लहान चिप असते. चुंबकाचा उत्तर ध्रुव समोर आला की दक्षिण, हे तिला कळते. चुंबकामुळे वीज वाहणाऱ्या पट्टीच्या आडव्या बाजूंमध्ये विजेचा दाब निर्माण होतो, हे एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1879 साली दाखवून दिले होते. त्याच गुणधर्मावर ही चिप काम करते.

थोडक्यात, बाहेरून येणाऱ्या तारा आणि आतली वेटोळी यांच्यामध्ये एक कारभारी बसलेला आहे. आपण तारा उलटवल्या तर वेटोळ्यांना त्याचा पत्ताच लागत नाही; उलटी वीज आधी कारभाऱ्याच्या अंगावर येते. काही पंख्यांत त्याच्या संरक्षणाची सोय असते. मग पंखा नुसता गप्प राहतो आणि तारा नीट केल्या की पुन्हा फिरतो. जिथे ती सोय नाही, तिथे कारभारी जळून जातो. माझ्या हाती आलेला पंखा या दुसऱ्या जातीचा होता. पण दोन्हींपैकी कोणताही पंखा तारा उलटवून उलटा फिरत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. पुष्कळ पंख्यांना तीन किंवा चार तारा असतात. तिसरी तार किती फेरे झाले ते कळवते आणि चौथी वेग कमीजास्त करायचा हुकूम आणते. त्यांतली एकही तार दिशा बदलण्यासाठी नसते.

समजा, कोणी युक्ती करून तो उलटा फिरवलाच, तरी काम भागेल का? हवा उलट्या दिशेने जाईल खरी. पण कमी जाईल आणि आवाज जास्त होईल. कारण पाती सपाट नसतात. ती एका बाजूने खोलगट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर असतात. हवा कापत पुढे जाणारी कड आणि मागची कड यांचा घाटही निरनिराळा असतो. हा सगळा आकार एकाच दिशेचा फेरा मनात धरून घडवलेला असतो. सूप पालथे धरून पाखडता येईल का? त्यातलाच प्रकार.

म्हणून दिशा बदलायची सरळ वाट एकच. चार स्क्रू काढायचे, चौकटीसकट पंखा पाठमोरा करायचा आणि पुन्हा बसवायचा. पंखा पूर्वीसारखाच फिरतो, पात्यांचा आकार तोच, तारा त्याच जागी. हवा मात्र उलट्या दिशेने जाते.

आता प्रश्न असा की पंख्याचे तोंड कोणते आणि पाठ कोणती? भूगोलात आम्ही वाऱ्याला तो जिकडून येतो तिकडचे नाव देतो. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. कोकणात दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून जातात ते मतलई वारे. पंख्याचेही तसेच करा. 'पुढची बाजू, मागची बाजू' असे म्हणू नका. त्याने घोटाळा होतो. हवा जिकडून शिरते ती बाजू आणि जिकडून निघते ती बाजू, असे म्हणा. नेहमीच्या पंख्याच्या एका अंगाला मधल्या भागाला धरून ठेवणारे तीन-चार प्लॅस्टिकचे दांडे असतात आणि बहुधा कागदी चिठ्ठीही असते. हवा त्या दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. मोकळी पाती दिसतात त्या बाजूने ती आत शिरते. पुष्कळ पंख्यांच्या चौकटीच्या कडेवर दोन बाण कोरलेले असतात. एक फिरण्याची दिशा सांगतो, दुसरा हवेची. पण अलीकडे मुद्दाम उलट पात्यांचे पंखेही बाजारात आले आहेत. त्यांत मोकळ्या बाजूने हवा बाहेर येते. म्हणून बाण पाहा, आणि शेवटी कागदाची पट्टी धरूनच खात्री करा. पट्टी खोटे बोलत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हवेच्या दिशेला एवढे महत्त्व का, याचा एक साधा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घेता येईल. समजा, कॉम्प्युटरला 120 वॅट वीज लागते. ती जवळजवळ सगळीच शेवटी उष्णता होते. म्हणजे सेकंदाला 120 जूल. एक किलो हवा एका अंशाने तापवायला सुमारे 1,000 जूल लागतात. हवा आत येताना आणि बाहेर जाताना 10 अंशांचा फरक आपल्याला चालेल असे धरले, तर एक किलो हवा 10,000 जूल बाहेर नेते. मग 120 जूल न्यायला किती हवा हवी? 12 ग्रॅम. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे 1.2 किलो, तेव्हा 12 ग्रॅम हवा म्हणजे 10 लीटर. दर सेकंदाला बादलीभर हवा त्या पेटीतून वाहून गेली पाहिजे.

आणि ती ताजी हवी, हे महत्त्वाचे. एप्रिलात खोलीत 40 अंश असले, तर बाहेर पडणारी हवा 50 अंशांची. तीच हवा फिरून आत आली तर ती पुढच्या खेपेला 60 अंशांवर जाणार. त्या शाळेत नेमके हेच होत होते. त्या पेटीत वीजपुरवठ्याचा डबा मागे वरच्या अंगाला होता आणि तो आपली गरम हवा मागल्या बाजूनेच बाहेर सोडत होता. त्याच्या खालोखाल आपला उलटा लागलेला पंखा, तो तीच हवा आत ओढत होता. पेटी भिंतीला टेकवलेली, तेव्हा त्या हवेला दुसरीकडे जायलाही वाट नव्हती. उष्णता फार वाढली की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर कॉम्प्युटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. त्याचे बंद पडणे म्हणजे बिघाड नव्हता. जळून जाण्यापेक्षा त्याने थांबणे पत्करले होते.

कोणी म्हणेल, गरम हवा आपोआप वर जाते, मग पंख्याची एवढी काळजी कशाला? गरम हवा वर जाते हे खरेच. पण हातभर पेटीत तिचा जोर फार थोडा. पंख्यापुढे तिचे काही चालत नाही. पंखा नेईल तिकडे ती जाते.

मग नेहमीची पद्धत कोणती? पुढून किंवा खालून थंड हवा आत घ्यायची, मागून किंवा वरून गरम हवा बाहेर टाकायची. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची ओळ असते; तिच्यावर बसवलेला पंखा बहुधा पत्र्यांवर हवा मारतो. आपल्याकडे धुळीचा विचारही करावा लागतो. हवा आत घेणाऱ्या पंख्याला जाळी लावली आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली, तर पेटीच्या फटींतून हवा बाहेर पडत राहते आणि धूळ जाळीपाशीच अडते. याच्या उलट केले तर प्रत्येक फट धूळ ओढून घेते. खेड्यातल्या शाळेत, रस्त्याच्या कडेला, मळणीच्या दिवसांत धूळ किती असते ते मी आपल्याला काय सांगावे?

हवेची दिशा ठरवताना थोरामोठ्यांनाही आपला विचार बदलावा लागला आहे. 1995 साली इंटेल कंपनीने कॉम्प्युटरच्या पेटीचा एटीएक्स नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याच्या आरंभीच्या आवृत्तीत वीजपुरवठ्याच्या डब्यातला पंखा बाहेरची हवा आत घेऊन ती प्रोसेसरवर सोडील, अशी योजना होती. कागदावर ती काटकसरीची दिसत होती; एकाच पंख्यात दोन कामे. पण त्या डब्यातून येणारी हवा वाटेतच तापलेली असायची. पुढे ती दिशा सोडून दिली गेली आणि डब्याचा पंखा हवा बाहेर टाकू लागला. हे मी त्या बाईंना पुढच्या भेटीत मुद्दाम सांगितले.

आता थोडी सावधगिरी. पंख्याला हात लावण्याआधी कॉम्प्युटर बंद करा आणि भिंतीतली पिन काढा; नुसते बटण बंद करून भागत नाही. वीजपुरवठ्याचा डबा कधीही उघडू नका. पिन काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहू शकते. त्याच्या पंख्याची दिशा बदलण्याच्या भानगडीत पडू नये. लॅपटॉपच्या पंख्याचीही दिशा बदलता येत नाही. तो मध्यातून हवा घेऊन कडेने फेकणारा असतो, आपल्या विहिरीवरच्या पंपासारखा. पंप उलटा फिरला तर पाणी विहिरीकडे परत जात नाही. पाइपातूनच येते, पण कमी. लॅपटॉपच्या पंख्यालाही बाहेरची वाट त्याच्या कवचाने आखून दिलेली असते. धूळ झटकताना पाती बोटाने अडवून धरा, नाही तर फुंकरीच्या जोराने ती वेडीवाकडी फिरतात. पंखा उलटून बसवल्यावर त्याची तार पात्यांत अडकणार नाही, असे पाहा. आणि काढण्याआधी चौकटीवर पेन्सिलीने एक बाण काढून ठेवा. एवढा एक बाण काढला असता तर त्या बाईंवर तो प्रसंग आला नसता.

चार दिवसांनी मी माझ्या पैशाने नवा पंखा घेऊन त्या शाळेत गेलो. तो मी बसवला नाही. बाईंना बसवायला सांगितले. त्यांचा हात आधी पुढे येईना. मग त्यांनी कडेवरचा बाण पाहिला, मुलांना दाखवला, आणि दांड्यांची बाजू जाळीकडे करून चारही स्क्रू आवळले. प्रोसेसरवरच्या पत्र्यांत धूळ राहिली होती, ती ब्रशने काढली. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. सगळा दोष काही एकट्या पंख्याचा नव्हता. सातवीतल्या एका मुलीने जाळीपाशी कागदाची पट्टी धरली. पट्टी बाहेर फडफडू लागली तशी मुले ओरडली. कॉम्प्युटर त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत चालला. खर्चाची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. पण "बाई, आमचं चुकलं," असेही कोणी म्हटले नाही. ते म्हणायला हवे होते, असे मला आजही वाटते.

आपल्या शाळेत कॉम्प्युटर असेल, तर उद्या कागदाची एक पट्टी घेऊन त्याच्यामागे जरूर उभे राहा. हवा कोणीकडे जाते ते पाहा आणि मुलांनाही पाहू द्या. पट्टी उलटी दिसली, तर हात तारांकडे नेऊ नका, स्क्रूकडे न्या. आणि पंखा कोणी उलटा बसवला याची चौकशी करण्याआधी तो सुलटा करून घ्या.